उसना उपग्रह

उन्हाळ्यात सोलापूरच्या पूर्व भागात दुपारी पत्र्यावर कुणी चढत नाही, म्हणून डिशवाला सकाळी सातलाच आला. खाली यंत्रमागांचा खडखडाट सुरू झाला होता. त्यानं आधी खांब सरळ उभा आहे का ते पाहिलं. खांब कलता असेल तर पुढची सगळी मेहनत पाण्यात. मग नट ढिले करून छत्रीचं तोंड आग्नेयेकडे केलं. दूरदर्शनच्या फ्री डिशचा जीसॅट-15 हा उपग्रह 93.5 अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या माथ्यावर आहे. सोलापूरहून तो तिकडेच दिसतो. छत्री बोटभर सरकली की सिग्नलची क्वालिटी शून्यावर. खालून घरमालकीण आकडे ओरडून सांगत होती. शेवटी त्यानं छत्रीच्या तोंडासमोरचा एलएनबी क्लॅम्पमध्येच जरासा पिळला आणि आकडा एकदम वर गेला. ‘‘आता हात लावू नका ओ,’’ मला दम. घरमालकिणीशी तो तेलुगूत बोलत होता, फोनवरच्या कुणाशी कन्नडमध्ये.

पन्नास वर्षांपूर्वी इथून जवळच, सीमेपलीकडच्या विजापूर आणि गुलबर्गा जिल्ह्यांत अशाच छत्र्या उभ्या राहिल्या होत्या. तोंड मात्र उलट दिशेला, पश्चिमेकडे. एटीएस-6 हा अमेरिकी उपग्रह तेव्हा पूर्व आफ्रिकेच्या वर, 35 अंश रेखांशावर आणून ठेवला होता. छत्री तीन मीटर व्यासाची आणि चक्क कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीची. संदेश 860 मेगाहर्ट्झवर यायचा, म्हणजे लहरीची लांबी सुमारे 35 सेंटिमीटर. एवढ्या लांब लहरीला जाळीची बारीक भोकं जाणवतच नाहीत. तिच्या लेखी जाळी म्हणजे अख्खी भिंतच. पत्र्यावरच्या आजच्या छत्रीला हे चालणार नाही, कारण तिच्याकडे येणारी लहर जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरची असते. वर उपग्रहाची अँटेना नऊ मीटरची होती, म्हणून खाली स्वस्तात भागलं.

उपग्रहावरून खेड्यांत टीव्ही पोचवण्याच्या या ‘साइट’ प्रयोगाची व्यवस्थापकीय जबाबदारी होती एकनाथ वसंत चिटणीस यांच्याकडे. जन्म कोल्हापूरचा, 1925 चा. मूळचा माणूस विश्वकिरणांचा. अवकाशातून येणाऱ्या कणांचा अभ्यास करत ते अमेरिकेत एमआयटीत ब्रूनो रॉसींकडे पोचले होते. विक्रम साराभाईंनी बोलावलं आणि परतले. रॉकेट उडवण्यासाठी केरळातल्या थुंबाची जागा शोधण्यात ते होते. तिथून 21 नोव्हेंबर 1963 ला पहिलं रॉकेट उडालं. रॉकेट अमेरिकी, त्यातलं उपकरण फ्रेंच आणि मैदानावर घिरट्या घालणारं हेलिकॉप्टर सोव्हिएत. शीतयुद्ध ऐन भरात असताना हे तिघे एका कोळीवाड्यात एकत्र येतात, ही मुत्सद्देगिरी मला रॉकेटपेक्षा मोठी वाटते.

‘साइट’चा करार सप्टेंबर 1969 मध्ये अणुऊर्जा विभाग आणि नासा यांच्यात झाला. त्यातली वाटणी बघण्यासारखी आहे. उपग्रह आणि त्याचा वर्षभराचा वेळ अमेरिकेचा. भूकेंद्रं, गावोगावचे टीव्ही संच, कार्यक्रम, सगळं आपलं. शेजाऱ्याची बैलजोडी हंगामापुरती आणावी, पण औत नि बियाणं घरचं असावं, तसा हा सौदा. संचही उसने आणले असते, तर वर्ष संपल्यावर हातात काय उरलं असतं?

1 ऑगस्ट 1975 पासून सहा राज्यांतल्या सुमारे 2400 गावांत रोज चार तास कार्यक्रम दिसू लागले. सकाळी शाळेतली मुलं, संध्याकाळी शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन. शिक्षकांचं प्रशिक्षणही याच पडद्यावरून झालं. सुरुवातीची झुंबड पुढे ओसरली. ती ओसरणारच होती. नवलाई गेल्यावरही जे बसून राहिले, ते खरे प्रेक्षक.

सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. अक्कलकोटच्या पलीकडे संच, अलीकडे काही नाही. सोलापूरकराला याची चुटपुट लागावी, ती वेगळ्याच कारणानं. उपग्रहाच्या एका चित्रासोबत दोन ध्वनिवाहिन्या जात. आंध्र आणि कर्नाटकासाठी चित्र एकच, आवाज मात्र एकावर तेलुगू, दुसऱ्यावर कन्नड. अभियंत्यांनी हे काटकसरीसाठी केलं. पण पूर्व भागातल्या एखाद्या चौकात तो संच ठेवला असता, तर कुठली वाहिनी लावायची यावरून भांडणं झाली असती आणि तिसरी, मराठी, कुठंय असं विचारणाराही निघाला असता.

31 जुलै 1976 ला वर्ष भरलं. ठरल्याप्रमाणे अमेरिकेनं उपग्रह मागे नेला आणि गावांतले पडदे काळे झाले. टीकाकारांनी नेमकं इथंच बोट ठेवलं आणि ते चुकीचं नाही. भारताचा स्वतःचा उपग्रह इन्सॅट-1बी वर जायला 1983 उजाडलं, तोही अमेरिकी कंपनीनं बांधलेला. भारतात बांधलेला पहिला इन्सॅट, 2ए, 1992 मध्ये गेला. चिटणीस 1981 ते 1985 या काळात अहमदाबादच्या अंतराळ उपयोजन केंद्राचे संचालक होते. ऑक्टोबर 2025 मध्ये, वयाची शंभरी पार करून, ते पुण्यात वारले.