बारा आकडे आणि मामीची मजुरी

आज हातात मोबाइल घेऊनच ऐका, एक प्रयोग करायचा आहे.

माझी मामी धानोऱ्याकडची. रोजगार हमीच्या कामासाठी अर्ज भरताना तिच्या आधार नंबरातले दोन आकडे उलटे पडले, ४७ च्या जागी ७४. स्क्रीनवर लगेच लाल अक्षरं: नंबर चुकीचा. मामी म्हणे, "याले कसं समजलं बाबू?"

तर ऐका. आधारचा पहिला आकडा ० किंवा १ नसतो. पहिले अकरा आकडे नंबराचे आणि बारावा पहारेकरी. तो आधीच्या अकरांवरून हिशेबानं ठरतो. म्हणजे अकरा आकडे ठरले की शेवटी एकच आकडा बसतो, बाकी नऊ चुकीचे. असे नंबर किती होतात? ८ हजार कोटी. आपण माणसं साधारण १४० कोटी. म्हणून नंबर संपायची भीती नाही.

पण हिशेब कोणता? नुसती बेरीज चालत नाही. ४ आणि ७ ची बेरीज ११, ७ आणि ४ ची पण ११. उलटापालट सापडणारच नाही. इथे क्रमाला किंमत देणारं गणित पाहिजे.

आता प्रयोग. मोबाइल उभा धरा, स्क्रीन तुमच्याकडे. घड्याळाच्या दिशेनं पाव वळण द्या, मग पान उलटतो तसा पालथा करा. चार्जिंगचं भोक उजवीकडे आलं ना? आता पहिल्यासारखा धरून आधी पालथा करा, मग तेच पाव वळण द्या. भोक डावीकडे! हालचाली त्याच, क्रम बदलला की उत्तर बदललं.

व्हरहूफ नावाच्या डच गणितज्ञानं १९६९ मध्ये हेच वापरलं. समान बाजूंचा पंचकोनी पुठ्ठा त्याच्याच चौकटीत दहा प्रकारे बसतो: पाच सुलटे, पाच पालथे. दहा प्रकार, दहा आकडे. प्रत्येक आकडा, तो कितव्या जागी आहे हे बघून, एक हालचाल ठरवतो. बारा हालचाली झाल्यावर पुठ्ठा मूळ जागी आला, तर नंबर बरोबर. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन वेगळे आकडे उलटे झाले, तर तो मूळ जागी येतच नाही.

पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच राज्यात, नंदुरबारच्या टेंभलीत दिलं गेलं. तेव्हापासून हा पहारेकरी कामावर आहे.

पण मंडळी, गोष्ट इथे संपत नाही. अर्ज दुरुस्त झाला, मामीनं काम केलं, तरी पैसे आले नाहीत. शोधलं तर मामीचा नंबर दुसऱ्याच बाईच्या खात्याला जोडलेला. नंबर अगदी बरोबर, म्हणून पहारेकरी गप्प. आकडे नीट लिहिलेत का, एवढंच त्याला कळतं. ते कोणाचे, हे कळत नाही. जोडणी दुरुस्त करायला तीन चकरा झाल्या, प्रत्येक चकरेला एक दिवसाची मजुरी बुडाली.

म्हणून आज एक काम करा. घरातल्या मोठ्यांचा नंबर कोणत्या बँकेला जोडलाय, ते आधारच्या वेबसाइटवर बघून द्या. बँक ओळखीची नसेल, तर पुढची मजुरी जमा व्हायच्या आधी दुरुस्त करून घ्या. भेटू पुढच्या भागात!