वहीत लिहायला काहीच नसतं तेव्हा

तुमची संशोधनाची वही जरा उघडून बघा. पीएचडीला अजून प्रवेश झाला नसेल, नुसती पेट किंवा नेट-सेटची तयारी चालू असेल, तरी विषय शोधताना एखादी वही केली असेलच. पहिली वीस-पंचवीस पानं भरगच्च असतील. तारीख, वार, वाचलेल्या लेखांची नावं, समासात बाण, दोन रंगांची पेनं. मग तारखांमध्ये चार दिवसांचं अंतर पडायला लागतं, मग पंधरा दिवसांचं. आणि मग एक पान असं येतं की त्याच्यापुढे सगळं कोरं.

का थांबलात असं विचारलं तर बहुतेक जण एकच उत्तर देतात, "सुचतच नव्हतं." मीही वर्षभर हेच सांगत होते. आता मला वाटतं की ते उत्तर अर्धंच खरं आहे. सुचत नव्हतं हे खरं. पण सुचत नव्हतं म्हणून लिहिणं थांबलं, की लिहिणं थांबलं म्हणून सुचेनासं झालं?

या प्रश्नावर एक जुना प्रयोग आहे. रॉबर्ट बॉइस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने तो 1983 साली प्रसिद्ध केला. लिहिणं अडलेले 27 प्राध्यापक घेऊन त्याने त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला सांगितलं, अगदी अडल्याशिवाय काही लिहू नका. दुसऱ्याला सांगितलं, वेळ राखून ठेवा, पण लिहावंसं वाटेल तेव्हाच लिहा. तिसऱ्या गटाला मात्र ठरलेल्या वेळी लिहायचंच होतं, आणि चुकलं तर स्वतःला न आवडणाऱ्या एखाद्या संस्थेला देणगी द्यायची होती. (ही शिक्षा मला फार आवडते. तुम्ही कोणाला देणगी द्याल ते मनात ठरवून ठेवा.)

तिसऱ्या गटाने दिवसाला सरासरी 3.2 पानं लिहिली, लहर येईल तेव्हा लिहिणाऱ्यांनी 0.9, आणि पहिल्या गटाने 0.2. यात फार नवल नाही. जबरदस्तीने पानं भरता येतात. नवल पुढे आहे. नव्या कल्पना किती सुचल्या याचीही बॉइसने नोंद ठेवायला लावली होती. सक्तीने लिहिणाऱ्यांना साधारण रोज एक नवी कल्पना सुचली, लहरीवर लिहिणाऱ्यांना दोन दिवसांतून एक, आणि न लिहिणाऱ्यांना पाच दिवसांतून एक. म्हणजे जे सुचण्याची वाट बघत बसले, त्यांना सुचलंही कमीच.

आता तुम्ही संशोधनाची तयारी करताय, तर हा प्रयोग असा जसाच्या तसा गिळू नका. माणसं 27, त्यांचे तीन गट. म्हणजे गट किती लहान ते बघा. शिवाय सगळे आधीच लिहिण्याने त्रासलेले, मदत हवी असलेले. अशांवर जे लागू पडलं ते सगळ्यांवर पडेलच असं नाही. पुढे 2016 साली हेलन स्वॉर्ड या न्यूझीलंडमधल्या अभ्यासिकेने 'रोज लिहा' हा मंत्रच तपासून बघितला. तिने भरपूर लिहिणाऱ्या कितीतरी प्राध्यापकांशी बोलून पाहिलं, आणि त्यांतले बरेच जण रोज लिहीत नव्हते. कोणी सुट्टीत एकदम बसून लिहितं, कोणी रात्री. त्यामुळे 'रोज पहाटे पाचला उठून लिहा' छापाचे सल्ले मी देणार नाही. मी स्वतः पहाटे पाचला फक्त गाडी पकडायला उठते.

बॉइसकडून मी एवढंच घेतलं की सुचणं ही लिहिण्याच्या आधीची पायरी आहे असं धरून चालू नका. आणि वहीच्या बाबतीत तर सुचण्याचा प्रश्नच दुय्यम आहे. वही हा निबंध नाही, ती नोंद आहे. हा फरक मला आमच्याच जिल्ह्यातल्या भूकंपांनी शिकवला.

नोव्हेंबर 2018 पासून पालघर जिल्ह्यात, डहाणू आणि तलासरीच्या पट्ट्यात, धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे धक्के बसायला लागले. एक मोठा धक्का आणि मग शांतता, असं नव्हतं. लहान लहान धक्के, महिनोन् महिने. लोक घराबाहेर तंबूत झोपत होते. दूरच्या केंद्रांवरच्या यंत्रांना यातले फार लहान धक्के नीट पकडता येत नाहीत, म्हणून हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तिथेच, गावांमध्ये, भूकंपमापक यंत्रं बसवली. मग हजारो धक्क्यांची नोंद मिळाली. बहुतेक इतके लहान की शेजारी बसलेल्या माणसालाही कळू नयेत.

इतके बारीक धक्के मोजून काय मिळतं? भूकंपशास्त्रात एक ढोबळ नियम आहे: तीव्रतेचा आकडा एकने खाली आला की धक्क्यांची संख्या साधारण दहापट होते. चारचा एक, तर तीनचे दहा, दोनचे शंभर. हे प्रमाण एखाद्या ठिकाणी किती बदलतं, धक्क्यांचा झुबका कुठून कुठे सरकतो, पावसाळ्यानंतर काही फरक पडतो का, हे सगळं लहान धक्क्यांवरूनच कळतं. कारण मोठे असतात मोजके. फक्त मोठ्यांची नोंद ठेवली असती तर हातात चार-दोन तारखा आल्या असत्या, आणि त्यावरून काहीही सिद्ध झालं नसतं.

पण मला वहीसाठी उपयोगी पडलेली गोष्ट याहून साधी आहे. यंत्राच्या नोंदीत दोन दिवस रिकामे दिसले, तर अभ्यासक पहिला प्रश्न विचारतो: त्या दोन दिवसांत जमीन हलली नाही, की यंत्र बंद होतं? ही दोन उत्तरं पूर्ण वेगळी आहेत. पहिलं म्हणजे शून्य, आणि शून्य ही माहिती आहे. दुसरं म्हणजे माहितीच नाही. एक्सेलच्या तक्त्यात 0 लिहिणं आणि चौकट मोकळी सोडणं यात हाच फरक आहे. सरासरी काढताना एक्सेलला तो कळतो, पण पुष्कळ विद्यार्थ्यांना कळत नाही. मलाही कळला नव्हता.

माझा विषय किनाऱ्यावरच्या यांत्रिक मासेमारीचा खर्च. नवापूर, मुरबे आणि सातपाटी अशी तीन गावं. पालघरहून गाडीने बोईसर, तिथून शेअर रिक्षा, एमआयडीसीच्या टँकरांच्या मागून किनारा. पहिल्या वर्षी जानेवारी ते मे माझी वही तुडुंब होती. डिझेल किती, बर्फ किती, किती फेऱ्या, पापलेटाला काय भाव. मग 1 जून उजाडला आणि मासेमारी बंद झाली. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची बंदी असते; माशांच्या प्रजननाचा काळ, शिवाय समुद्रही खवळलेला. बोटी वर ओढलेल्या, ताडपत्रीखाली. मी दोनदा गेले. नवापूरच्या एका मावशींनी विचारलंसुद्धा, "बाय, आता काय बघायला येतेस? बोटी तर वर काढल्यात." मला ते पटलं. खर्चाचा अभ्यास, आणि बोटीच चालत नाहीत, तर लिहायचं काय? माझ्या वहीत 3 जून ते 29 जुलै काही नाही.

पुढच्या मार्चमध्ये खर्चाचं प्रकरण लिहायला घेतलं तेव्हा हिशोब जुळेना. हंगामातला खर्च आणि उत्पन्न मांडलं तर बोटवाल्यांवर एवढं कर्ज असायला नको होतं. गाईडनी कागद बघितला आणि विचारलं, "इंजिन कधी खोलतात? जाळी कधी दुरुस्त करतात? खलाशांना उचल कधी देतात?"

सगळं जून-जुलैमध्ये. बोट वर असते तेव्हाच तळ खरवडतात, रंग देतात, इंजिनाचं काम काढतात. घराघरात जाळी पसरलेली असतात. नव्या हंगामासाठी खलाशी बांधून ठेवायला उचल द्यावी लागते, आणि त्यासाठी बोटवाला स्वतः व्यापाऱ्याकडून उचल घेतो. मग हंगामातला मासा कोणाला आणि कोणत्या भावाने घालायचा हेही तिथेच ठरतं. माझ्या प्रबंधाचा अर्धा गाभा त्या कोऱ्या आठ आठवड्यांत होता. मी मागाहून विचारत फिरले. लोक प्रामाणिकपणे सांगत होते, पण "गेले असतील पन्नास-साठ हजार" अशा गोल आकड्यांत. त्यात कोणी गेल्या वर्षीचं इंजिन यंदाच्या खात्यात घालत होतं. तो डेटा मी वापरू शकले नाही. पुढच्या बंदीपर्यंत थांबावं लागलं, आणि फेलोशिपच्या पाच वर्षांतलं जवळजवळ एक त्यात गेलं.

त्या दोन महिन्यांत मला सुचलं नव्हतं म्हणून हे झालं नाही. मला काय 'घटना' वाटतं आणि काय वाटत नाही, याचा माझा अंदाजच चुकीचा होता. संशोधनाच्या सुरुवातीला तो सगळ्यांचाच चुकीचा असतो. कोणती गोष्ट महत्त्वाची हे कळायला आधी विषय कळावा लागतो, आणि तो कळण्याआधीच वहीत काय ठेवायचं ते ठरवावं लागतं. म्हणून जे बिनमहत्त्वाचं वाटतं तेही ठेवायचं.

मग लिहायचं काय? "आज विशेष काही नाही" हे वाक्य लिहू नका. तो तुमचा निकाल झाला, नोंद नाही झाली. त्याऐवजी: "11 जून, नवापूर, दुपारी साडेतीन. पाऊस थांबलेला. सात बोटी वर. दोघं जण जाळं शिवतायत, सुतळी निळी. तिसरी बोट उघडी का?" तारीख, जागा, वेळ, डोळ्यांना दिसलेली एक गोष्ट, मोजता येईल असं काहीतरी, आणि स्वतःला पडलेला एक प्रश्न. तीन-चार ओळी. प्रश्न बावळट असला तरी चालेल. 'तिसरी बोट उघडी का' याच प्रश्नातून मला इंजिन खोलण्याचा खर्च सापडला. तुमचा विषय ग्रंथालयात बसून करायचा असेल, तर बोटीच्या जागी आज वाचलेलं एक पान घ्या: कोणतं, कुठे अडलात, लेखकाने कशाचा पुरावा दिला नाही. आणि खरंच गेला नसाल, वाचलं नसेल, तर तेही लिहा: "आज गेले नाही, रिक्षा बंद." म्हणजे पुढे तुम्हाला कळेल की यंत्र बंद होतं.

वेळेबद्दल एक अडचण सांगते, कारण सल्ला देणारे ती सांगत नाहीत. मी आधी रात्री आठ ही वेळ ठरवली होती. आठवड्यात मोडली. किनाऱ्यावरचं काम घड्याळावर नाही, भरतीवर चालतं, आणि भरती रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. आज संध्याकाळी घरी असलेली मी चार दिवसांनी त्याच वेळी बंदरावर बोटीची वाट बघत उभी असायचे. मग मी वेळ सोडून दिली आणि नोंद गाडीला बांधली. बोईसरहून परतताना पालघरपर्यंत मध्ये उमरोळी हे एकच स्टेशन. दहा-पंधरा मिनिटं. गाडी कितीलाही मिळो, बोईसर सुटलं की फोन काढायचा आणि पालघर यायच्या आत चार ओळी संपवायच्या. उभ्याने, एका हाताने, कधी कधी माशांच्या टोपलीला टेकून. घरी आल्यावर त्याच ओळी वहीत उतरवते. तुमची गाडी दुसरी काहीतरी असेल: मेसमधला चहा, प्रयोगशाळेचं कुलूप लावणं. रोज न चुकता होणारी गोष्ट शोधा आणि नोंद तिच्या शेपटाला बांधा.

मोठं लिखाण अडलं, म्हणजे प्रकरण किंवा सहामाही प्रगती अहवाल, तर मी नव्याने सुचण्याची वाट बघत नाही. वहीतला गेल्या वर्षीचा हाच आठवडा काढते आणि तेव्हाच्या प्रश्नांना आजची उत्तरं लिहून बघते. निम्म्यांना उत्तर असतं. निम्मे प्रश्नच चुकीचे होते असं कळतं, आणि ते का चुकीचे होते हे लिहिताना दोन पानं होतात.

एक गोष्ट मात्र वहीच्या कक्षेबाहेरची. कधी कधी न सुचणं हे न सुचणं नसतं. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण नाही, गाईडचा फोन आला की छातीत धस्स होतं, असं चाललं असेल तर चार ओळींच्या नोंदीने ते सुटणार नाही. घरच्यांशी, मित्राशी, विद्यापीठातल्या समुपदेशकाशी बोला. वही थांबेल.

दुसऱ्या वर्षीच्या बंदीत मी 61 पैकी 38 दिवस किनाऱ्यावर गेले. उरलेल्या 23 दिवसांपुढे कारण लिहिलेलं आहे: पाऊस, ताप, गाडी नाही, आणि दोन ठिकाणी नुसतं "कंटाळा". जून संपता संपता मावशींनीच पुन्हा हाक मारली. जाळ्यातून मान वर न करता म्हणाल्या, "आलीस? लिही, आज सुतळी महाग झाली." त्या दिवशीची नोंद तिथूनच सुरू होते.