पिम : बायबलमध्ये एकदाच आलेला शब्द

शब्द : पे, योद व मेम या तीन अक्षरांनी लिहिला जाणारा ‘पिम’ हा शब्द हिब्रू बायबलमध्ये केवळ १ शमुवेल १३:२१ येथे आढळतो. एखाद्या ग्रंथसंग्रहात एकदाच येणाऱ्या अशा शब्दाला ‘हॅपॅक्स लेगोमेनॉन’ ही ग्रीक संज्ञा आहे.

संदर्भ : शौल राजाच्या काळात इस्राएलात लोहार नसल्याने नांगराचे फाळ, कुदळी यांना धार लावण्यासाठी लोकांना शत्रूकडे, म्हणजे पलिष्ट्यांकडे, जावे लागे, असे हा उतारा सांगतो.

अर्थाचा शोध : तुलनेसाठी दुसरे वाक्यच उपलब्ध नसल्याने भाषांतरकार संदर्भावरून तर्क करीत आणि १६११ च्या किंग जेम्स इंग्रजी भाषांतरात या जागी ‘कानस’ आली. विसाव्या शतकात पॅलेस्टाइनमधील उत्खननांत हीच अक्षरे कोरलेली, घुमटाच्या आकाराची दगडी वजने ओळखली गेली, तेव्हा पिम हे अवजार नसून वजनाचे माप आहे आणि त्या वाक्यात ते धार लावण्याची मजुरी सांगते, हे स्पष्ट झाले.

वजन : सुमारे ७.८ ग्रॅम, म्हणजे साधारण ११.३ ग्रॅमच्या शेकेल या वजनाचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग.

नाणे नव्हे : त्या काळी नाणी प्रचारात नव्हती, चांदी तोलून दिली जाई, त्यामुळे पिम म्हणजे तेवढ्या वजनाची चांदी.

काळ : सापडलेली बहुतेक वजने यहूदा राज्यातील, इ.स.पू. आठव्या-सातव्या शतकांतील आहेत. शौलाचा काळ मात्र इ.स.पू. अकराव्या शतकाच्या अखेरीचा मानला जातो.