जाणाऱ्याचा हिशेब आणि राहणाऱ्याचा

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी बेळगावहून बालाघाटला आत्याकडे गेलो होतो. आतोबा भरवेलीच्या मँगनीज खाणीतून निवृत्त झालेले. आतेभाऊ पदव्युत्तर शिक्षणासाठी जर्मनीला निघायच्या तयारीत. "तू कॉमर्सवाला न? मंग सांग, किती पैसे लागतीन?" आतोबांनी विचारले. वर्गात गिरवलेला जमाखर्च त्या दिवशी प्रथमच घरचा झाला.

पहिला आकडा निर्वाहाचा. विद्यार्थी-व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची तरतूद दाखवावी लागते. सप्टेंबर 2024 पासून ही रक्कम 11,904 युरो ठरली. ती बहुधा गोठवलेल्या खात्यात ठेवतात व तिथे पोचल्यावर त्यातून दरमहा 992 युरो मिळतात. युरो 90 रुपयांना धरला तर हे 10,71,360 रुपये होतात. 100 रुपयांना धरला तर 11,90,400. केवळ दर बदलल्याने 1,19,040 रुपयांचा फरक! म्हणून अंदाजपत्रक नेहमी चढ्या दराने मांडावे.

दुसरा आकडा शुल्काचा. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठे शिक्षणशुल्क घेत नाहीत. परंतु बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना 2017 पासून दर सत्राला 1,500 युरो द्यावे लागतात. भावाला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला होता, त्यांपैकी एक याच राज्यात.

तिसरी गोष्ट कर्जाची. हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात, पण व्याज आधीपासूनच चढत असते. कर्जाचा भार कमी व्हावा म्हणून आतोबा मुदत ठेव मोडायला निघाले होते. त्या ठेवीच्या व्याजावर तर घर चालते! आत्या इतका वेळ गप्प होती. ती हळूच म्हणाली, "तो गेल्यावर आमच्या दुखण्याखुपण्याला काय रे?" माझ्या कागदावर त्यासाठी रकानाच नव्हता.

मग मी कागदाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे जाणाऱ्याचा खर्च, उजवीकडे राहणाऱ्यांचा: किराणा, औषधे आणि अडीअडचणीला सहा महिन्यांची शिल्लक. भावाने तो कागद बराच वेळ पाहिला आणि नावाजलेले विद्यापीठ सोडून बिनशुल्काचे निवडले. दोन वर्षांचे 6,000 युरो वाचले. ठेव शाबूत राहिली.

बँकेचे कामही निघण्यापूर्वीच उरकावे. शिक्षणासाठी परदेशी गेलेला विद्यार्थी 'फेमा' कायद्यानुसार अनिवासी ठरतो, हे रिझर्व्ह बँकेने 2003 साली स्पष्ट केले आहे. त्यामुळे त्याचे इथले बचत खाते एन.आर.ओ. खात्यात बदलून घ्यावे लागते. पुढे तिकडची कमाई इकडे ठेवायची तर एन.आर.ई. खाते उघडावे, त्याच्या व्याजावर भारतात प्राप्तिकर नाही आणि पैसा परतही नेता येतो. वारसाची नोंद करायला मात्र विसरू नये.

मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात परदेश आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे खरेच. पण त्याच अंथरुणावर आईवडीलही निजतात, एवढे ध्यानी असू द्यावे.