लाइट आली की डीपी का जळते?

पुणे-सोलापूर रस्त्यालगतच्या भांडगाव, यवत, केडगाव पट्ट्यात उसाला पाणी देणाऱ्या कुणालाही हा प्रश्न पडतो. लाइट नसते तोवर डीपी, म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर, शाबूत. आली की धूर!

मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सातपट करंट ओढते, पण काही सेकंदच. जो तो आपापल्या वेळेला बटण दाबेल, तर डीपी हे सहज पेलते. पण शेतीची थ्री-फेज वर्षानुवर्षं पाळीनं आली: कधी दिवसा ८ तास, कधी रात्री १०. रात्री उसात बिबट्याची भीती. म्हणून पंपाला ऑटोस्विच. लाइट येताच सगळ्या मोटरी एका क्षणी उठतात, गाडी लागताच एसटीच्या एकाच दाराला सगळा स्टँड झोंबावा तशा. व्होल्टेज कोसळतं, मोटर वेग घेत नाही, वेग नाही म्हणून करंट उतरत नाही. आधी वायंडिंग जातं की डीपी, एवढाच प्रश्न.

या मोटरीचं श्रेय सगळे टेस्लाला देतात. पण विहिरीवरच्या थ्री-फेज मोटरीचा खरा पूर्वज १८८९ चा, मिखाइल डोलिवो-डोब्रोवोल्स्की या रशियन इंजिनिअरचा. १८९१ मध्ये लाउफेनहून १७५ किलोमीटरवरच्या फ्रँकफुर्टला थ्री-फेज वीज नेली, तेव्हा प्रदर्शनात तिथल्या १०० एचपी मोटरीनं काय केलं? पंप चालवून कृत्रिम धबधबा पाडला! म्हणजे थ्री-फेजचा पहिला मोठा जलसा पाणी उपसण्याचाच.

तीन फेज मिळून चुंबकीय क्षेत्र गरगर फिरवतात. एकाच फेजवर ते जागच्या जागी हेलकावतं. उभी मोटर नुसती घुमते. महाराष्ट्रानं हेच हत्यार केलं: संध्याकाळी सिंगल फेज, घरात दिवे, पंप बंद. शेतकऱ्यांनी कंडेन्सर लावून फेज सरकवला आणि पंप चालवले. डोब्रोवोल्स्कीनं पाठ थोपटली असती, डीपीनं नाही.

२००३ चा वीज कायदा आला, २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण झालं. गावकऱ्याला त्यापेक्षा जाणवला तो गावठाणाचा वेगळा फीडर. २०१७ पासूनची सौर कृषी वाहिनी योजना दिवसा वीज देऊ पाहते, दिशा योग्यच. पण सूर्याची वीजही सगळ्यांनी एका सेकंदाला ओढली, तर तार तापणारच.

तेव्हा ऑटोस्विच काढा आणि पंपाला योग्य कपॅसिटर बसवा. मोटरीला चुंबकत्वापुरता लागणारा करंट तो जागेवर पुरवतो, तारेवरचा भार तेवढा उतरतो. नव्या डीपीची वाट पाहण्यापेक्षा हे स्वस्त पडेल.