मोटारीसाठी छप्पर उभारताना

घरासमोरच्या अंगणात चार खांब उभे करावेत, त्यांवर पत्रे घालावेत आणि त्यांच्या सावलीत मोटार ठेवावी, यात अवघड असे काय आहे, असे मला एके काळी वाटत असे. मांडव घालणे आपल्या लोकांना नवे नाही. लग्नाचा मांडव एका दिवसात उभा राहतो आणि कार्य उरकले की उतरतो. आता तर सुट्या भागांची तयार छपरे बाजारात मिळतात. लोखंडी नळ्या, पट्ट्या, पत्रे, बोल्टांची एक पिशवी आणि सोबत चित्रांचा एक कागद, एवढे सामान घरी येते. एक पान्यांचा संच आणि सुट्टीचे दोन दिवस असले म्हणजे काम झाले, असे विकणारा सांगतो आणि आपल्यालाही ते पटते.

असेच एक छप्पर मी भोपाळला भाड्याच्या घरासमोर घरमालकांच्या संमतीने उभारले होते. अंगणात सिमेंटच्या फरश्या बसविलेल्या होत्या. खांबांच्या तळपट्ट्या मी त्या फरश्यांवर बोल्टांनी आवळून बसविल्या, खांब हलवून पाहिले आणि काम पक्के झाले असे ठरवून टाकले. २०१६ च्या एप्रिलात एका दुपारी वावटळ उठली, मागोमाग वळवाचे वादळ आले आणि ते छप्पर अख्खेच्या अख्खे कुंपणाच्या भिंतीवरून पलीकडच्या गल्लीत जाऊन पडले. तेथे कडुनिंबाखाली एक इस्त्रीवाला आपली हातगाडी लावीत असे. त्या वेळी तो कपडे पोचविण्यासाठी गेला होता. गाडी मोडली, माणूस वाचला. मी नुकसानभरपाईचे बोलू लागलो, तेव्हा त्याने मला एवढेच विचारले, “साहेब, उद्यापासून गाडी कोठे लावू?” या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

नंतर मी मोडलेले खांब पाहिले. एका खांबाच्या तळपट्टीला फरशी तशीच घट्ट चिकटलेली होती. बोल्टाने फरशीला धरून ठेवले होते. फरशीला मात्र जमिनीत कोणीच धरले नव्हते. छपराविषयी जे काही मला आज सांगावयाचे आहे, ते सारे या एका फरशीत आले आहे.

आपली सर्वसाधारण समजूत अशी असते की छप्पर खाली पडू नये म्हणून खांब हवेत. घराच्या जड छपराच्या बाबतीत ती बरीचशी खरी आहे. पण चारही बाजूंनी मोकळ्या, हलक्या पत्र्याच्या छपराला खाली पडण्यापेक्षा वर उडण्याचे भय अधिक असते. मुंबईकराला हे वेगळे सांगावयास नको. पहिल्या पावसात त्याची छत्री उलटते, ती पाण्याच्या भाराने उलटत नाही. वारा खालून शिरतो आणि वरून वाहणारा वारा तिला ओढतो, म्हणून ती उलटते. मोटारीचे छप्पर म्हणजे एक मोठी छत्रीच होय. फरक इतकाच की तिची दांडी कोणाच्या हातात नसते.

या वाऱ्याच्या बळाचा हिशेब मांडता येतो. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात देशाचे वाऱ्याच्या वेगानुसार विभाग पाडलेले आहेत. जमिनीपासून १० मीटर उंचीवर, सरासरीने पन्नास वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा झोताचा वेग त्यात दिलेला असतो. बंगळूरसाठी तो सेकंदाला ३३ मीटर, पुणे आणि भोपाळसाठी ३९, मुंबई आणि नागपूरसाठी ४४, तर कोलकाता, चेन्नई आणि भुवनेश्वरसाठी ५० मीटर आहे. सेकंदाला ३९ मीटर म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर. वाऱ्याचा दाब मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ३९ मीटर वेगाला दर चौरस मीटरवर सुमारे ९३ किलो वजनाइतका दाब येतो. ५० मीटरला तो १५० किलोंच्या वर जातो.

आता एका मोटारीपुरते, साडेपाच मीटर लांब आणि तीन मीटर रुंद छप्पर घेऊ. त्याचे क्षेत्रफळ साडेसोळा चौरस मीटर. वाऱ्याच्या दाबापैकी निम्मा दाब जरी छप्पर उचलण्याकडे लागला, तरी भोपाळच्या किंवा पुण्याच्या वेगाला ते बळ साडेसातशे किलोंच्या वर भरते. सांगाडा आणि पत्रे धरून अशा छपराचे वजन दोनशे-सव्वादोनशे किलोच असते. वजाबाकी सोपी आहे. उरलेले पाचशे किलोंहून अधिक बळ जमिनीने धरून ठेवावयाचे असते. दाट वस्तीत वाऱ्याचा जोर काहीसा कमी होतो हे खरे. परंतु हिशेब सावधपणाचा असावा.

म्हणून उभारणीची सुरुवात खांबांपासून न करता जागेपासून करावी. प्रथम वर पाहावे. विजेच्या तारा जवळून जात असतील, तर घरगुती दाबाच्या तारेपासून छपराचे अंतर उभ्या दिशेत किमान अडीच मीटर आणि आडव्या दिशेत १.२ मीटर असावयास हवे; अधिक दाबाच्या तारांना याहूनही जास्त. छप्पर पुरेसे दूर असले तरी ते उभारताना सहा मीटरांची नळी उभी केली तर ती तारेपर्यंत पोचेल काय, हेही पाहिले पाहिजे. असे अपघात घडतात ते बहुधा नळी उचलताना. मग खाली पाहावे. जमिनीतून पाण्याची, सांडपाण्याची किंवा गॅसची नळी अथवा विजेची केबल जात असेल, तर तेथे खड्डा खणू नये. परवानगीचा प्रश्नही याच वेळी सोडवावा. इमारतीभोवती मोकळी ठेवावयाची जागा छपराने झाकता येते किंवा नाही, हे नगरपालिकेत अथवा महानगरपालिकेत विचारावे. गृहनिर्माण संस्था असेल तर तिची, आणि सरकारी निवासस्थान असेल तर त्याची व्यवस्था पाहणाऱ्या खात्याची लेखी संमती घ्यावी. इतकी वर्षे कचेरीत काढल्यावर सांगतो, की आधी घेतलेला एक कागद पुढचे दहा कागद वाचवितो.

जागा ठरली की आखणी. कोपरे काटकोनात आले पाहिजेत. एका बाजूवर तीन मीटर, दुसऱ्या बाजूवर चार मीटर मोजावे. त्या दोन खुणांमधील अंतर बरोबर पाच मीटर भरले तर कोपरा काटकोनात आहे. त्यानंतर दोन्ही कर्ण मोजावेत. वरच्या मापाच्या छपराचा कर्ण सुमारे ६.२६ मीटर येतो आणि दोन्ही कर्ण सारखेच आले पाहिजेत. येथे दोन सेंटीमीटरांची चूक राहिली, तर शेवटी बोल्ट छिद्रात बसत नाहीत आणि आपण ते हातोडीने ठोकू लागतो.

यानंतर पाया. काँक्रीटचे वजन घनमीटरला सुमारे २,४०० किलो असते. ४५ सेंटीमीटर लांब-रुंद आणि ६० सेंटीमीटर खोल खड्डा काँक्रीटने भरला, तर त्याचे वजन २९० किलो होते. अशा चार ठोकळ्यांचे मिळून साडेअकराशे किलो झाले. आपण काढलेल्या पाचशे किलोंच्या हिशेबाला ते भरपूर पुरतात. हेच छप्पर पूर्व किनाऱ्यावरच्या शहरात उभारावयाचे असेल, तर उचलण्याचे बळ साडेबाराशे किलोंपर्यंत जाते. तेथे हेच ठोकळे जेमतेम पुरतील. ते मोठे करावयास हवेत. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीत मुरूम लागेपर्यंत खाली जावे आणि एखाद्या स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घ्यावा. सिमेंट एक भाग, वाळू दोन भाग, खडी चार भाग हे प्रमाण ठेवावे व पाणी बेताने घालावे. खाली वाकविलेले पायाचे बोल्ट काँक्रीट ओले असतानाच तळपट्टीच्या छिद्रांच्या मापाने उभे करावेत. मग गोणपाट टाकून सात दिवस पाणी मारावे. ज्यांना एकाच सुट्टीत सारे उरकावयाचे असते, त्यांचा धीर येथेच सुटतो. परंतु काँक्रीटचे पूर्ण बळ मोजावयाचे ते अठ्ठाविसाव्या दिवशी. सात दिवसांच्या आत त्यावर खांब चढविणे म्हणजे कच्च्या मडक्यात पाणी भरणे होय.

सांगाडा उभारताना निदान चार माणसे असावीत. हातांत मोजे, पायांत बंद बूट आणि भोके पाडताना डोळ्यांवर चष्मा, एवढे प्रत्येकाने पाळावे. उभा केलेला खांब आडव्या नळ्यांनी बांधला जाईपर्यंत दोन दिशांनी टेकू देऊन ठेवावा. “मी धरतो” या शब्दांवर खांब उभा ठेवू नये. सर्व जोड येईपर्यंत बोल्ट हाताने फिरतील इतपतच लावावेत, ओळंब्याने खांब सरळ करावेत, कर्ण पुन्हा मोजावेत आणि मग त्याच दिवशी सारे बोल्ट पान्याने आवळावेत. कोपऱ्यांतील तिरप्या पट्ट्या दिसावयास क्षुल्लक, पण वारा बाजूने ढकलतो तेव्हा सांगाडा कलंडू न देण्याचे काम त्याच करतात. त्या डोक्याला लागतात म्हणून काढून टाकणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. शिडी लावताना चार हात उंचीला पायथा एक हात पुढे घ्यावा आणि खाली माणूस उभा करावा. सांगाड्यावर किंवा पत्र्यावर कोणीही चढू नये.

पत्रे सर्वांत शेवटी, आणि तेही निवांत हवेच्या सकाळी. ताशी ४० किलोमीटरचा वारा आपण नुसता “बरा वारा” म्हणतो. पण तीन मीटर लांब, एक मीटर रुंद पत्रा त्याच्यासमोर उभा धरला, तर त्यावर २२ किलोंचे बळ लागते आणि शिडीवरचा माणूस तोल गमावतो. पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी तीन मीटर रुंदीत ३० सेंटीमीटर उतार द्यावा. पत्र्यांचे जोड असे ठेवावेत की पावसाळी वारा त्यांच्या फटीत तोंड घालणार नाही. रबरी चकत्यांचे स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारावेत, पन्हळीत नव्हे. कडांना आणि कोपऱ्यांना वारा सर्वांत जास्त ओढतो, म्हणून तेथे स्क्रू दाट असावेत. पुढे कधी उन्हासाठी बाजूला ताडपत्री बांधण्याचा मोह होतो. तिच्यामुळे खालचा वारा कोंडतो आणि छपराला अधिकच उचलतो, हे विसरू नये.

१३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपर येथे वादळी वाऱ्यात एक प्रचंड जाहिरातफलक पेट्रोलपंपावर कोसळला आणि १७ माणसे प्राणांस मुकली. त्या फलकाशी आपल्या अंगणातल्या छपराची तुलना आकाराने होणार नाही. पण वाऱ्यासमोर पत्रा उभा करणाऱ्याची जबाबदारी त्याच्या कुंपणापाशी संपत नाही, ही गोष्ट लहान छपरालाही तितकीच लागू आहे. मोटार आपली, सावली आपली. पत्रा उडाला तर तो कोणाच्या डोक्यावर पडेल, हे मात्र आपल्या हाती राहत नाही.

महाराष्ट्रात वळीव, उत्तरेत आँधी, बंगालात कालबैसाखी. नावे निराळी, पण मोसम बहुतेक तोच. म्हणून दरवर्षी मार्चअखेरीस एकदा आणि पावसाळ्यापूर्वी एकदा प्रत्येक बोल्टाला पाना लावून पाहावा, खांबांच्या तळाशी गंज धरला आहे काय ते तपासावे आणि सैल झालेला स्क्रू बदलावा. कापडी छत असेल तर वादळाचा इशारा मिळताच ते उतरवून ठेवावे.

भोपाळचे छप्पर मी पुन्हा उभारले, ते फरश्या उखडून आणि चार खड्डे खणून. इस्त्रीवाल्याला नवी गाडी करून दिली आणि ती त्याने पूर्वीच्याच जागी, कडुनिंबाखाली लावली. पुढे मी तेथे तीन वर्षे होतो. दरवर्षी मार्चच्या शेवटच्या रविवारी मी पाना घेऊन शिडीवर चढत असे, आणि न बोलाविता येऊन खाली शिडी तोच धरीत असे. एखादा बोल्ट मी घाईने सोडून पुढे गेलो, तर खालून त्याचा आवाज येई, “साहेब, तो राहिला.”