माउसवरील बोटाचा वेग

दिवेलागणीच्या सुमारास अलीकडे एखाद्या घरावरून जावें, तों आंतून टक् टक् टक् असा न थांबणारा आवाज ऐकूं येतो. हा आवाज तांबटाच्या हातोडीचा नव्हे, कीं कोष्ट्याच्या मागाचाहि नव्हे. घरांतील चिरंजीव संगणकावर खेळत असतात व त्यांचें बोट माउसची कळ दाबीत असतें. 'ह्याच्या हाताचें कांहीं वांकडें होणार नाहीं ना?' असें आई विचारते, आणि 'सेकंदास दहा क्लिक कसे करावे?' असें चिरंजीव विचारतात. दोन्ही प्रश्नांचें उत्तर एकाच ठिकाणीं आहे, तें म्हणजे कोपराखालील हातांत.

बोट वांकविणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपर व मनगट यांच्यामधील भागांत असतात, आणि दोरीनें कळसूत्री बाहुली हलवावी त्याप्रमाणें लांब कंडरांनीं बोटास ओढितात. डाव्या हातानें उजव्या हाताचा हा भाग धरून तर्जनी हलवून पाहावी, म्हणजे कातडीखालची हालचाल स्पष्ट लागते. बोट खालीं ओढणारा स्नायू निराळा व वर उचलणारा निराळा. एक आवळतो तेव्हां दुसऱ्यास सैल व्हावें लागतें. ही पाळी जितकी लवकर बदलेल तितका क्लिकांचा वेग. बहुतेक माणसांत ती सेकंदास सहासात वेळांच्या फारशी पुढें जात नाहीं. आम्हीं घड्याळ लावून दहा सेकंद प्रयत्न केला, तेव्हां ६१ क्लिक भरले. शेजारीं बसलेल्या आठवीच्या विद्यार्थ्याचे ७४ झाले. ह्या पराभवाचें कारण वय होय, असें आम्हीं ठरवून टाकिलें आहे.

मग कोणी दहाबारा क्लिक करितो तो कसा? एक युक्ति अशी कीं सबंध हात ताठ आवळून त्यास कंप आणावयाचा व तो कंप बोटांत उतरवावयाचा. दुसरी युक्ति दोन बोटें एकाच कळेवर आळीपाळीनें मारण्याची. तबलजी 'तिरकिट' काढतांना निरनिराळीं बोटें पाळीपाळीनें वापरतो, त्यांतलाच हा प्रकार. जपानांत १९८० नंतरच्या दशकांत 'ताकाहाशी मेइजिन' ह्या नांवानें ओळखले जाणारे गृहस्थ खेळाची कळ सेकंदास १६ वेळां दाबण्याबद्दल मुलांमध्यें प्रसिद्ध झाले होते.

परंतु येथें यंत्राचा स्वभावहि ध्यानांत घ्यावा. कळेखालीं धातूची एक लहानशी पट्टी असते. ती दुसऱ्या तुकड्यास टेकली कीं क्लिक झाला. टेकतांना ती टप्पे खाणाऱ्या चेंडूप्रमाणें क्षणभर उसळते. ह्या उसळ्या निराळे क्लिक म्हणून मोजल्या जाऊं नयेत यासाठीं माउस कांहीं सहस्रांश सेकंद कानाडोळा करितो. पट्टी जुनी झाली किंवा हा कानाडोळा मुद्दाम कमी केला, तर एका दाबण्याचे दोन क्लिक मोजले जातात. असा वेग बोटाचा नव्हे, आणि पुष्कळ ठिकाणीं खेळांत तो लबाडीच धरिला जातो.

शिवाय खेळास इतके क्लिक हवे असतात कां? 'माइनक्राफ्ट' हा खेळ सेकंदास २० वेळां आपला हिशेब करितो. त्याच्या जुन्या पद्धतींत एकदां घाव बसल्यावर अर्धा सेकंद तसाच दुसरा घाव लागूं होत नसे. आणि २०१६ सालच्या बदलानंतर तर प्रत्येक घावामागून थोडें थांबल्यावांचून पुरा जोर येत नाहीं. तेथें चौदा क्लिक करणारा बराच वेळ हवेंतच काठी फिरवीत असतो.

आमच्या जिल्ह्यांत विडी वळणाऱ्या स्त्रियांचे हात पाहावे. मजुरी हजार विड्यांवर मिळते. आठ तासांत हजार वळावयाच्या, तर एकीच्या वांट्यास एकोणतीस सेकंदांहून किंचित् कमी वेळ येतो. तेवढ्यांत पान घेणें, तंबाखू भरणें, वळणें, टोंक मुडपणें आणि सूत बांधणें उरकतें. (विडी ओढण्याची ही शिफारस नव्हे.) त्यांचें एखादें बोट आमच्या चिरंजीवांच्या बोटाहून मंद असेल, पण हाताची एकहि हालचाल वायां जात नाहीं. टंकलेखनाचेंहि तसेंच. इंग्रजींत पांच ठोके म्हणजे एक शब्द धरितात. लिपिकाच्या नोकरीस लागणारी ४० शब्दांची गति म्हणजे मिनिटास २०० ठोके, सेकंदास साडेतीनसुद्धां नव्हेत! तरीहि तिच्यासाठीं मुलें महिनोन्महिने शिकवणीस जातात, कारण तेथें बोटास दर वेळीं निराळी जागा शोधावी लागते. लक्ष्य जितकें लहान व दूर, तितका हात पोंचण्यास वेळ अधिक, हें पॉल फिट्स यांनीं १९५४ सालीं मोजून दाखविलें. खेळांत हार होते ती बहुधा ह्या पोंचण्यांत.

ज्यांस वेग वाढवावयाचाच आहे त्यांनीं पुढील रीत करून पाहावी. कोपराखालचा हात मेजावर टेंकलेला असावा, मनगट वर वांकलेलें नसावें, माउसवरची पकड सैल असावी. बोट कळेस लागूनच ठेवावें. उंच उचललेल्या बोटाचा निम्मा वेळ प्रवासांतच जातो. दहा सेकंद दाबावें, मिनिटभर स्वस्थ बसावें, असें पांच वेळां करून सरासरी वहींत लिहावी. एकाच चांगल्या आंकड्यावर विश्वास ठेवूं नये. दिवसास एवढा सराव पुरे. पहिल्या कांहीं दिवसांत एकदोन क्लिकांची वाढ दिसते व पुढें ती थांबते, असा आमचा अनुभव आहे.

आतां आईच्या प्रश्नाविषयीं. मनगटांतील एका अरुंद वाटेनें नऊ कंडरा व एक मोठी मज्जा हातांत जातात. हात आवळून कंप आणण्याची युक्ति रोज तासन्‌तास चालविली, तर कंडरा सुजण्याचा व मज्जा दबण्याचा संभव असतो. अंगठा, तर्जनी व मधलें बोट यांस मुंग्या येऊं लागल्या, किंवा रात्रीं हात बधिर होऊन जाग येऊं लागली, तर सराव त्याच दिवशीं बंद करावा. आणि आठवडाभर विसावा देऊनहि तें राहिलें तर डॉक्टरांस दाखवावें. मुलें ही गोष्ट खेळ बंद होईल ह्या भीतीनें घरीं सांगत नाहींत, म्हणून पालकांनींच जेवतांना सहज विचारावी.